अंतर कोणाचे, वेळ कोणाचा?

पुणे आणि कोल्हापूर या दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता प्राथमिक शाळेतील मुलाला घालण्याजोगा वाटेल. परंतु त्याची उत्तरे तीन आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर हे अंतर सुमारे २०५ किलोमीटर भरते; महामार्गाने गेले तर ते २३० च्या घरात जाते; आणि आगगाडीत बसले तर ३२६ किलोमीटर तोडावे लागतात. शहरे तीच, वेशीही त्याच. पण पाखराचा मार्ग आणि रुळांचा मार्ग यांत सव्वाशे किलोमीटरांचे अंतर पडते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दळणवळणाविषयी गेली काही वर्षे जी चर्चा चालू आहे, तिची सारी मेख या सव्वाशे किलोमीटरांत आहे असे आमचे मत आहे. आणि ती मेख पाहावयाची असेल तर पुण्यास किंवा कोल्हापुरास न जाता लोणंदच्या फलाटावर जाऊन उभे राहावे.

पट्टीने ओढलेली ती सरळ रेघ शिरवळच्या अंगावरून निघते, साताऱ्याच्या उशाशी येते आणि कऱ्हाडला डावीकडे ठेवून कोल्हापुरात उतरते. लोणंद तिच्या वाटेवर नाही. ते वीस-पंचवीस किलोमीटर पूर्वेला राहते. महामार्गही खंबाटकी ओलांडून त्याच रेघेची पाठ धरतो, म्हणून लोणंद त्याच्याही वाटेवर नाही. लोणंद वाटेवर आहे ते फक्त रेल्वेच्या. याचे कारण शोधू गेल्यास आपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाऊन पोचतो. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर दक्षिणेत रेल्वेचे जाळे विणण्याची निकड सरकारला भासली आणि सदर्न मराठा रेल्वेने पुण्याहून मिरजेकडे मीटरगेज मार्ग टाकला. वाफेच्या इंजिनाला कात्रज आणि खंबाटकीचे चढ सोसणारे नव्हते. तेव्हा हा मार्ग जेजुरीच्या अंगाने नीरेच्या खोऱ्यात उतरविण्यात आला. लोणंदपासून सालपे, आदर्की, वाठार अशी घाटाची चढण चढून तो कृष्णेच्या खोऱ्यात शिरला. आणि पुढे कऱ्हाड, सांगली, मिरज असा आग्नेयेस जाऊन मग कोल्हापुरासाठी पुन्हा पश्चिमेला वळला. कोल्हापूर संस्थानचा मिरजेपर्यंतचा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. १९७१ च्या सुमारास मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले, पण वळण कायम राहिले.

या वळणाला कोणी वळसा म्हणेल, कोणी अडचण म्हणेल. आम्ही त्याला वस्ती म्हणतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना उभारण्यासाठी औंध संस्थानातील जो ओसाड माळ पत्करला, तो कुंडलरोड स्थानकाजवळचा होता. रूळ शेजारून जात नसते तर त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहती ना, याची आम्हांस शंका आहे. लोणंदचीही कथा निराळी नाही. आठवडाबाजार, कांद्याची मोठी पेठ, शेळ्यामेंढ्यांचा बाजार, मागाहून आलेली औद्योगिक वसाहत, आणि २०१९ साली फलटणकडे फुटलेला लोहमार्ग ही सारी त्या वळणाची लेकरे आहेत. जे सव्वाशे किलोमीटर पट्टीच्या हिशेबात वाया गेले, त्यांत लोणंद, वाठार, रहिमतपूर, ताकारी, भिलवडी अशी गावे राहतात. अंतर कमी करा म्हणणाऱ्याने ही गावे कोठे नेऊन ठेवणार, हेही सांगावयास हवे.

ही प्रस्तावना करण्याचे कारण असे की, आमच्या सार्वजनिक चर्चेत सध्या अंतराचे एकच माप चलनात आले आहे, ते म्हणजे धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचे. अमुक शहर तमुक शहराशी जोडले गेले, तासाभरात मुंबई गाठता येणार, असे मथळे वाचले की प्रत्येक जिल्ह्याला आपली धावपट्टी आठवते. कऱ्हाडनजीक वारुंजीची धावपट्टी आहेच; तिच्या विस्ताराचा विषय निघाला की तेथील शेतकरी आपल्या बागायती जमिनीसाठी विरोधाला उभे राहतात. सांगलीकरांना कवलापूरचा माळ आठवतो. पुणेकरांना लोहगाव पुरत नाही, कारण ते मुळात हवाई दलाचे ठाणे आहे. म्हणून २०१६ पासून पुरंदरचा प्रकल्प गाजत आहे आणि तेथील सात गावे तेव्हापासून झोप हरवून बसली आहेत. सोलापुरात तर विमानाच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजप्रकल्पाची चिमणी पाडण्यात आली. चिमणी पडल्यापासून गोव्याला पहिले विमान उडेपर्यंत, म्हणजे जून २०२५ पर्यंत, दोन वर्षे गेली; मुंबईचे विमान त्याच वर्षी ऑक्टोबरात आले. विमान आले याचा सोलापूरकरांना आनंद झाला असेल तर तो आम्ही समजू शकतो. पण एका कारखान्याची चिमणी एका क्षणात भुईसपाट होते आणि विमानाची सवड मात्र दोन वर्षांनी होते, यावरून या विषयातील घाई कोणत्या बाजूची असते हे ध्यानी यावे.

आता उड्डाणकाल म्हणजे काय ते पाहू. मुंबई ते कोल्हापूर हे आकाशमार्गाचे सरळ अंतर सुमारे ३१० किलोमीटर आहे. जेट विमानाच्या ऐन वेगाने भागाकार केला तर उत्तर अर्ध्या तासाच्या आत येते. वेळापत्रकात मात्र तासाभराचा अवधी लिहिलेला आढळतो. यात लबाडी नाही. विमान ऐन वेगात असते ते वर गेल्यावर. इतक्या थोड्या अंतरात त्याचा निम्म्याहून अधिक वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो. त्याखेरीज जागेवरून हलल्यापासून धावपट्टीच्या टोकाशी पोचणे, मुंबईसारख्या गजबजलेल्या ठिकाणी इतर विमानांच्या मागे थांबणे, उतरल्यावर पुन्हा आपल्या जागी येणे, हे सारे वेळापत्रकाच्या अवधीत धरावे लागते. विमानकंपन्या याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. म्हणजे उड्डाणाचा वेळ हाही खऱ्या अर्थाने केवळ उडण्याचा वेळ नसतो. आणि प्रवाशाचा वेळ तर त्याहून निराळा. त्याला घरून निघून विमानतळ गाठावे लागते, तेथे तास-दीड तास आधी पोचावे लागते, तपासणीच्या रांगेत पट्टा आणि किल्ल्या काढून उभे राहावे लागते, उतरल्यावर सामानाची वाट पाहावी लागते आणि मग शहरात शिरण्याचा वनवास वेगळाच. हा सर्व हिशेब मांडला तर तासाच्या उड्डाणाचे साडेचार तास सहज होतात.

असे असूनही मुंबई–कोल्हापूर विमान निरर्थक आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्या दोन शहरांमध्ये रेल्वेचा मार्ग ५०० किलोमीटरांहून अधिक पडतो आणि रात्रीच्या गाडीला अकरा तासांच्या आसपास लागतात. अकराच्या जागी साडेचार तास लागले तर व्यापाऱ्याची एक रात्र वाचते, रुग्णाचा कदाचित जीव वाचतो. कोल्हापूरच्या धावपट्टीचा इतिहासही जुना आहे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली तेथे विमान उतरू लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईची सेवा पुन्हा सुरू झाली, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, हे सर्व उचितच झाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी महामार्गावर चढले, अनेक दिवस कोल्हापूरचा रस्ता तुटला, तेव्हा आकाशाच्या वाटेचे मोल काय असते ते साऱ्या दक्षिण महाराष्ट्राने अनुभवले. विमानाचा द्वेष करण्याचा करंटेपणा आमच्या हातून होणार नाही.

परंतु जे मुंबई–कोल्हापूरला लागू पडते ते पुणे–कोल्हापूरला, अथवा पुणे–कऱ्हाडला किंवा पुणे–सांगलीला लागू पडत नाही, हे उघड दिसत असताना बोलण्याचे धैर्य कोणी करीत नाही. २०५ किलोमीटरांसाठी विमान पाऊण तास घेईल. घरापासून घरापर्यंतचा हिशेब साडेतीन-चार तासांचा होईल. आणि महामार्गाने मोटार साडेचार-पाच तासांत दारात नेऊन सोडते. म्हणजे एवढ्या खटाटोपात वाचला तो तासभर! त्या तासभरासाठी किती बागाईत जमीन द्यावयाची, किती सरकारी पैसा तिकिटात घालावयाचा, याचा विचार भावनेने नव्हे तर पाटीवर आकडे मांडून झाला पाहिजे. आम्ही कधीकाळी वर्गात काळ, काम आणि वेगाची उदाहरणे सोडवून घेत असू; त्यांत मुलगा रेल्वेचा वेग काढताना स्थानकावर थांबण्याचा वेळ विसरला तर त्याचे गुण कापले जात. आज मंत्रालयातील टिपणांत तीच चूक निर्धास्तपणे होते आणि तिला दूरदृष्टी म्हणतात.

केंद्र सरकारची ‘उडान’ योजना २०१६ साली जाहीर झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये तिचे पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला उडाले. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांसाठी २,५०० रुपयांची भाडेमर्यादा आणि विमानकंपनीच्या तुटीची तीन वर्षे भरपाई, असे तिचे साधारण स्वरूप होते. हेतू चांगला होता. त्याविषयी वाद नाही. पण २०२३ साली देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा जो हिशेब संसदेपुढे ठेवला, तो वाचल्यावर उत्साहाला ओहोटी लागावी. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले, त्यांतील केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पुरी केली. आणि सवलत संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, तग धरून राहिले ते ५४. शंभर मार्गांची द्वाही फिरवावी आणि सात उरावेत, असा हा प्रकार आहे. सरकारी पैशाचा टेकू आहे तोवर विमान उभे. टेकू काढला की धावपट्टीवर पुन्हा गुरे चरू लागतात. कवलापूरच्या माळाकडे पाहणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांआड करू नयेत.

अंतर थोडे आणि विमान आवश्यक, असे जगात कोठेच नाही काय? आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाच्या द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये जेमतेम पावणेतीन किलोमीटरांचे विमान चालते आणि वारा अनुकूल असला तर ते दोन मिनिटांच्या आत उतरते. जगातील सर्वांत तोकडे नियमित उड्डाण म्हणून त्याची ख्याती आहे. पण तेथे मध्ये खवळलेला समुद्र आहे. आमच्या दोन शहरांमध्ये समुद्र नाही, लोणंद आहे. याच्या उलट फ्रान्सने मे २०२३ पासून असा नियम अंमलात आणला की, ज्या दोन शहरांमध्ये अडीच तासांच्या आत पोचविणाऱ्या पुरेशा रेल्वेगाड्या आहेत, तेथे देशांतर्गत विमान चालू ठेवावयाचे नाही. त्या नियमाने बंद झालेले मार्ग बोटांवर मोजण्याइतकेच होते, आणि टीकाकारांनी ते दाखवूनही दिले. तथापि त्यामागील विचार आम्हांस मोलाचा वाटतो. तो असा, की विमान बंद करण्याआधी रेल्वे अडीच तासांत पोचली पाहिजे. आमच्याकडे कोणी विमानबंदीचा कायदा मागत नाही. पण रेल्वे आधी नीट करावी, एवढे म्हणावयास कायदा लागत नाही.

आणि रेल्वेची स्थिती काय आहे? पुणे–मिरज मार्गाचे विद्युतीकरण झाले. दुसरा मार्ग टप्प्याटप्प्याने टाकला गेला. आदर्कीच्या घाटातही डोंगर पोखरण्याचे काम झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये या मार्गावर कोल्हापूर–पुणे ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. आरंभी ती आठवड्यातून तीन दिवस धावू लागली आणि ३२६ किलोमीटरांना तिला सव्वापाच तासांच्या आसपास वेळ देण्यात आला. भागाकार करून पाहावा: ताशी बासष्ट किलोमीटर. जी गाडी १६० च्या वेगासाठी बांधलेली म्हणून मिरविली जाते, तिने बासष्टच्या सरासरीने धावावे आणि महामार्गावरील बसने तिच्या बरोबरीने पोचावे, यात गाडीचा दोष नाही. दोष त्या वळणांचा, चढांचा, समोरून येणाऱ्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबण्याच्या सवयीचा आणि सर्वांहून अधिक, दुसरा मार्ग आल्यावर वेळापत्रक मुळापासून नव्याने न लिहिण्याचा आहे. या गाडीचे थांबे ठरले ते मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कऱ्हाड आणि सातारा. लोणंद त्यांत नव्हते. पालखी आली तर लोणंद, निवडणूक आली तर लोणंद. नवी गाडी आली की मात्र लोणंदची केवळ पाटी खिडकीतून पाहावयाची!

पालखीचा उल्लेख आम्ही सहज केला नाही. नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांना स्नान घालून आळंदीचा सोहळा सातारा जिल्ह्यात पाऊल टाकतो, तेव्हा त्याचा पहिला मोठा मुक्काम लोणंदला पडतो. तेथून पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते आणि पालखी तरडगाव-फलटणकडे जाते. लाखो माणसे जे अंतर अनेक दिवस पायी चालतात, त्यात कोठे थांबावयाचे, कोठे जेवावयाचे, कोठे झोपावयाचे हे शेकडो वर्षांच्या अनुभवाने ठरले आहे. वारीला अंतराचा कंटाळा नाही, कारण तिने मुक्काम हे अंतराचे अंग मानले आहे. आगगाडी आणि वारी यांची तुलना ओढून आणलेली वाटेल, असो. आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच की, मुक्काम वगळून केलेला प्रवासाचा आराखडा हा फक्त दोन टोकांवरच्या लोकांचा आराखडा असतो.

लोणंदच्या एखाद्या कुटुंबाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. मुलगी पुण्यात महाविद्यालयात शिकते. वडिलांना महिन्यातून एकदा ससूनमध्ये तपासणीस न्यावे लागते. थोरला मुलगा शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जातो. आणि घरचा कांदा बाजारात लिलावाची वाट पाहत पडलेला असतो. यांपैकी कोणालाही विमानाचे काम नाही. रेल्वेने पुणे नव्वद किलोमीटरांच्या आत आहे. दिल्लीहून पुण्याला विमान दोन तासांच्या पुढे थोडे घेते. आणि लोहगावच्या दारातून बाहेर पडून शहराच्या गर्दीतून, सासवड-जेजुरीच्या वाटेने लोणंद गाठावयास अडीच तास लागले तर कोणी नवल करीत नाही. दिल्ली पुण्याहून जितकी दूर, तितकेच, किंबहुना अंमळ अधिक, लोणंद दूर! नकाशावरील अंतराला हसावयाचे की घड्याळातील वेळेला, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांनी आकाशातील सुमारे साडेअकराशे किलोमीटरांचा वेळ आटोक्यात आणला, त्यांना जमिनीवरील ऐंशी किलोमीटरांचे काही करता येत नाही असे आम्ही मानावयास तयार नाही. त्यांना तसे करण्याची निकड वाटत नाही, इतकेच.

लोणंदकरांना अगदीच काही मिळाले नाही असे नव्हे. कोयना एक्स्प्रेस तेथे थांबत आली आहे. मार्च २०२१ मध्ये फलटणहून लोणंदमार्गे पुण्याला गाडी सुरू झाली, तेव्हा या भागाने तिचे हारतुऱ्यांनी स्वागत केले. पण गाडी असणे आणि गाडी कामाची असणे या दोन गोष्टी आहेत. जी गाडी सकाळी महाविद्यालयाची पहिली घंटा होण्यापूर्वी पुण्यास पोचत नाही आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तासाभरात निघत नाही, ती वेळापत्रकात असली तरी माणसाच्या दिवसात नसते. उलट जे होते ते कमी होण्याचीही उदाहरणे आहेत. मुंबई–कोल्हापूर सह्याद्री एक्स्प्रेस करोनाच्या काळात, २०२० मध्ये, बंद झाली. ती २०२३ च्या अखेरीस परत आली ती पुण्यापर्यंतच. मुंबईच्या फलाटांवर जागा नाही, हे कारण सांगण्यात आले. मुंबईच्या आकाशात जागा नाही, हे कारण छोट्या विमानांनाही अनेकदा ऐकावे लागले आहे. म्हणजे जागेची अडचण दोन्हीकडे सारखीच. पण एकीच्या निवारणासाठी नवी मुंबईत डोंगर कापून विमानतळ उभा राहिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये चालूही झाला, तर दुसरीसाठी प्रवाशाने पुण्यात गाडी बदलावी, असा सल्ला मिळाला.

रेल्वेचे अधिकारी यावर एक आक्षेप घेतील आणि तो पोकळ नाही. प्रत्येक गावाने थांबा मागितला तर जलद गाडी ही जलद राहणार नाही. थांबा दोन मिनिटांचा असला तरी वेग उतरविण्यात आणि पुन्हा चढविण्यात आणखी तीन-चार मिनिटे जातात. दहा थांब्यांत तास जातो. हे आम्हांस मान्य आहे. ‘वंदे भारत’ लोणंदला थांबलीच पाहिजे, हा आमचा हट्ट नाही, आणि जे पुढारी केवळ तेवढाच हट्ट धरून निवेदनांसह छायाचित्रे काढून घेतात, त्यांच्याविषयी आम्हांस फारसा आदरही नाही. एका प्रतिष्ठित गाडीच्या थांब्याने गावाची मान उंचावते, पण महिन्याचा पास काढणाऱ्या माणसाच्या खिशाला ती गाडी परवडत नाही. दुसऱ्या मार्गाचे खरे मोल यात आहे की, जलद गाडीला वाट करून देण्यासाठी साधी गाडी आडबाजूला तासन्‌तास उभी ठेवण्याचे कारण आता उरू नये. जलद गाडी जलद जाऊ द्यावी आणि तिच्या मागोमाग सर्व स्थानकांवर थांबणारी, वेळेवर धावणारी विजेची गाडी सोडावी. मुंबईच्या भोवती हे शतकभर चालले आहे. पुण्याच्या भोवती लोणावळ्याच्या बाजूने ते चालते. दौंडच्या बाजूसही लोक त्यासाठी भांडत आले. लोणंदच्या, आणि तेथून साताऱ्याच्या बाजूने ते का चालू नये, याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

याखेरीज रेल्वे जेथे माणसाला सोडते तेथून पुढचा प्रश्न राहतोच. आमच्या साताऱ्याचेच उदाहरण घ्या. स्थानक माहुलीकडे, शहरापासून पाच-सहा किलोमीटरांवर. रात्री गाडीतून उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाला या पाच किलोमीटरांसाठी रिक्षावाला जे मागेल ते द्यावे लागते. शंभर किलोमीटरांचे तिकीट एकीकडे आणि पाच किलोमीटरांचे भाडे दुसरीकडे, असा तो सामना असतो. लोणंदला उतरून खंडाळा, शिरवळ, वाई किंवा आसपासच्या खेड्यांना जाणाऱ्यांची गत याहून बरी नाही. गाडी किती वाजता येते हे एस.टी.च्या आगाराला ठाऊक नसते आणि एस.टी. किती वाजता सुटते हे स्थानकप्रमुखाला ठाऊक असण्याचे कारण नसते. दोघेही सरकारी, दोघेही आपापल्या जागी नियमाने वागणारे, आणि मध्ये प्रवासी उभा. यासाठी भूसंपादन लागत नाही, चिमणी पाडावी लागत नाही, कोनशिला लागत नाही. कदाचित म्हणूनच हे होत नसावे.

पुणे विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांनी आणि एस.टी.च्या सातारा विभागाने एका टेबलाशी बसून एकच वेळापत्रक तयार करावे, अशी आमची मागणी आहे. सकाळी साडेआठच्या आत पुण्यास पोचणारी आणि सायंकाळी सहानंतर पुण्याहून निघणारी, लोणंद ते पुणे दोन तासांच्या आत कापणारी एक जोडी त्यात असावी. तिच्या पासाचा दर कारखान्यातल्या पोराला आणि महाविद्यालयातल्या पोरीला झेपणारा असावा. आणि ती पोचल्यावर पंधरा मिनिटांत लोणंदच्या व साताऱ्याच्या स्थानकाबाहेरून एस.टी. सुटावी. जिल्ह्याचे खासदार आणि आमदार यांनी धावपट्टीच्या पाहणीसाठी जितक्या वेळा दौरे काढले, त्यांच्या निम्म्या वेळा तरी त्यांनी या गाडीने स्वतः तिकीट काढून प्रवास करावा. सातारा-सांगलीसाठी नव्या विमानतळाचे कोणतेही टिपण यापुढे मंत्रालयात गेले, तर त्यात धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतच्या वेळेशेजारी आणखी एक रकाना असावा: लोणंदच्या घरापासून पुण्याच्या, मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या घरापर्यंत आज किती वेळ लागतो आणि उद्या किती लागेल. तो रकाना कोणी भरून दिला, तर तो याच पानावर जसाच्या तसा छापण्यास आम्ही बांधील आहोत.